करवंदाच्या जिनचा रंग

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्याला महिना उलटून गेला, तरी दशक्रियेची ती सकाळ डोक्यातून जात नाही. नदीच्या घाटावर माइक लावून भाषणं झाली. सरपंच बोलले, पतपेढीचे संचालक बोलले, जुने विद्यार्थी बोलले, आणि प्रत्येकाने एकच सांगितलं… मास्तर निर्व्यसनी होते. माणसाबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं की काय? मी मागे उभा राहून दात-ओठ खात होतो.

सोपानमास्तर हे कासारसाईकडचे माझे पहिले घरमालक. लातूरहून हिंजवडीत नोकरीला आलो, तो त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. पुढे महाळुंग्याला फ्लॅट घेतला, तरी शनिवारची संध्याकाळ त्यांच्या ओट्यावरच जायची. गावाने त्यांना देव्हाऱ्यात बसवलेलं, त्यामुळे दुकानातून बाटली आणणं माझ्याकडे. आपल्याकडची साधी जिन. मे महिन्यात डोंगरावरची करवंदं घरात यायची. पिकलेली काळीभोर घ्यायची, आंबटपणाला थोडी लालसर. चीक धुऊन, सुकवून, काट्याने टोचून चिनी मातीच्या बरणीत भरायची. वर खडीसाखर, जिन, तोंडाला फडकं. मग दसऱ्यापर्यंत बरणीला हात लावायचा नाही.

पिण्याचेही नियम. "सोडा घातला की करवंद मेलं, इंजिनियर," म्हणायचे. माठातलं पाणी थोडंसं, मिठाची कणी, सोबत भाजलेले शेंगदाणे. पहिला घोट जिभेवर जरा थांबवायचा. एका संध्याकाळी एकच. माझ्या मित्राने परदेशातून बेरीची गुलाबी जिन आणली होती, ती मी हौसेने नेली. मास्तरांनी चाखून बाजूला ठेवली. "खोकल्याचं औषध हाय हे. ह्यात फळ कुटं हाय?"

एवढा रसिक माणूस, आणि प्यायचा स्टीलच्या फुलपात्रातून. मी काचेचे दोन ग्लास नेऊन दिले, ते खोक्यातच राहिले. "काच दिसली की झालं… फुलपात्रात पाणी बी असतंय." रंग कसा उतरलाय हे गाळायच्या फडक्यावरचा डाग बघून सांगायचे. मी चिडायचो. वाद घालायचो. ते शेंगदाणे पुढे सरकवायचे.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, मास्तरांच्या पत्नीचा. "तुमची बरणी हाय हितं. या." मी गेलो. मला वाटलं, गुपचूप उचलून न्यायला सांगतील. पिशवीसुद्धा घेऊन गेलो होतो.

काकूंनी बरणी ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल अशी आणून ठेवली.

"दसऱ्याआधी उघडायची नसते, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

"दसरा बघायला ऱ्हायलंय कोण?" त्या म्हणाल्या. "दर साली करवंदं मीच तोडते. चिकानं बोटं काळी पडत्यात, आठ-आठ दिस जात न्हाई. पर कशी लागती, घोटभर बघ, असं कधी म्हणले न्हाईत."

इतके शनिवार मी तिथे बसलो, काकू शेंगदाणे भाजून आत जायच्या, आणि हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

त्यांनी खोक्यातला एक ग्लास काढला, पदराने पुसला, जिन गाळून ओतली. मी सवयीने सुरू झालो, पाणी किती, मीठ किती…

"गप बसा जरा."

त्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "लई आंबट." थोडं थांबून आणखी एक घेतला. समोरून कुणी दूध घालायला चालला होता, त्याने वळून पाहिलं. काकूंनी ग्लास लपवला नाही. उलट उन्हात वर धरला आणि बघत राहिल्या. जांभळट लाल, स्वच्छ.

"रंग मातुर झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी बघितला व्हता का कधी?"

"नाही," मी म्हणालो. आत माठावर मास्तरांचं फुलपात्र पालथं घातलेलं होतं, आणि मला त्यांचा फार राग आला.