फ्लेक्सवरचे तिघे आणि माझ्या सात गाड्या

आमच्या गावात नवसाने झालेल्या पहिल्या मुलाला ग्रामदैवताचं नाव ठेवतात. नवस बोलायला आमची माणसं कधी मागे नसतात, त्यामुळे चौकात कोणी ते नाव पुकारलं तर चार-पाच माना एकदम वळतात. मग ओळखायचं कसं? ज्याच्या त्याच्या धंद्यावरून. एक पैलवान, एक डॉक्टर, एक महाराज. आणि मी भंगार.

पैलवान कुस्तीच्या जोरावर पोलिसात लागला. डॉक्टरने पुण्यात दवाखाना थाटला. महाराजांची कीर्तनं लोक मोबाईलवर ऐकतात. चांगली गोष्ट आहे, मी कोणाचं वाईट चिंतत नाही. पण मीसुद्धा सायकलला पोतं बांधून दारोदार लोखंड गोळा करत सुरुवात केली आणि आज सोनई रस्त्याला माझं स्वतःचं शेड आहे, वजनकाटा आहे, दोन टेम्पो आहेत. यातलं काही मला बापाने दिलं नाही. बापाने दिलं ते फक्त नाव, आणि तेच गाव मला वापरू देत नाही.

यात्रेच्या आधी चौकात फ्लेक्स लागला. ‘एक नाव, तीन रत्नं.’ वर देवाचा मुखवटा, मध्ये फुटाएवढ्या अक्षरांत आम्हा सगळ्यांचं नाव आणि खाली तिघांचे फोटो. मी टेम्पो बंद करून तिथेच उभा राहिलो. चहावाला म्हणाला, “शेठ, तुमचा फोटो मागच्या बाजूला आसंल.” बाकड्यावरचे सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी सरपंच शेडवर हजर. वयाने माझ्यापेक्षा लहान, जीभ मात्र तुपात घोळलेली.

“शेठ, गाड्या कधी धाडताय?”

या गाड्यांचं सांगायला हवं. आमच्या यात्रेत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत पोरंठोरं बसतात आणि देवाचा भगत एकटा त्या ओढतो. त्याआधी देवाच्या नावाचे सगळे पुरुष पुढच्या गाडीच्या जुवाला हात लावतात. लहान-मोठा बघत नाहीत; गुराख्यापासून पाटलापर्यंत सगळे. त्या वर्षी मात्र तो मान फ्लेक्सवरच्या तिघांनाच द्यायचं ठरलं होतं. पण ट्रॅक्टर आले तशा लोकांनी बैलगाड्या विकल्या, आणि विकल्या त्या मला, लोखंडाच्या भावात. त्यातल्या सात मी फोडल्या नाहीत. भक्ती म्हणून नव्हे. गावातल्या गाड्या संपत चालल्या होत्या आणि यात्रेला बारा लागतातच. कशाची टंचाई होणार हे ज्याला आधी दिसतं तोच व्यापारी.

“गाड्या देतो,” मी म्हणालो. “पण फ्लेक्सवर चौथा फोटो टाका.”

“आता कसं जमायचं? छापून झालाय.”

“मग दुसरा छापा.”

“आवो, नाव तर तुमचंच हाय ना वर? केवढं मोठं हाय! फोटोचं काय घेऊन बसलाय?”

माझ्या हातात लोखंडी पाना होता. तो मी जमिनीवर आपटला. सरपंच दोन पावलं मागे सरकले, पण हसू तसंच. शेवटी सौदा असा ठरला: फोटो नाही, पण जुवाला हात लावायला माइकवरून मलाही बोलवायचं, आणि बोलवायचं ते नावाने. भंगार म्हणायचं नाही. “देवाशपथ,” ते म्हणाले. मी त्याच संध्याकाळी सातही गाड्यांच्या चाकांना वंगण लावून त्या मैदानावर पोचवल्या.

यात्रेच्या दिवशी मैदानात स्टेज आणि वर तीन खुर्च्या. तिघांना शाल, श्रीफळ, फेटे. माइकवर सरपंच. त्यांनी नाव पुकारलं. मी नवा सदरा घालून पुढेच उभा होतो, निघालो. खुर्च्यांवरून तेही तिघे उठले. चौघे जुवाकडे चाललो होतो आणि तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, “भंगारशेठ, तुमी जरा मागं व्हा! फोटोत येताय. शेवटची गाडी नीट बांधलीय का तेवढं बघा.”

सगळं मैदान हसलं. डॉक्टर माझ्याकडे बघून ओशाळला, पण जागचा हलला नाही. बाकीचे, त्याच नावाचे गुराखी आणि शेतकरी, दोरीच्या पलीकडेच उभे होते. त्यांना तर कोणी मागे व्हा म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी मागे गेलो. शेवटची गाडी माझीच होती. साखळीचा हूक माझ्या हातात होता. एका झटक्यात निघाला असता आणि बाराच्या अकरा झाल्या असत्या. हात शिवशिवत होता. पण गाडीत लेकुरवाळ्या बसल्या होत्या, त्यांत माझी बायकोही होती. वरूनच म्हणाली, “अहो, देवाचं अडवू नका. माणसांचं नंतर बघा.” मी हूक तपासला. बांधणी पक्की होती, मीच केली होती. गाड्या धावल्या, गुलाल उडाला आणि माझ्या नावाचा जयजयकार झाला. तिघांसाठी.

गाड्या परत आल्या तेव्हा माणसांचं बघितलं. सरपंचांना म्हणालो, “पुढच्या यात्रेला सात गाड्या हव्या असतील तर फ्लेक्सवर एकही फोटो नको. नुसतं नाव लावा.”

“तिघं नाराज व्हतील की, शेठ.”

“मी झालो, तेव्हा पाऊस पडायचा थांबला का?”

“बघतो,” म्हणाले. असलं ‘बघतो’ मी धंद्यात हजारदा ऐकलंय, आणि बोललोयही.

वर्ष सरत आलं, अजून ते आलेले नाहीत. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, आणि माझं आवारही आजवर उघडंच होतं. यात्रा जवळ आली आणि मला गाड्या धाडायला उशीर झाला, की पोरं परस्पर ओढून न्यायची, मी काही बोलायचो नाही. यंदा मी लोखंडी फाटक बसवलंय. गाड्या आत आहेत. ज्याला हव्यात त्याने फाटकाशी उभं राहावं आणि मला नावाने हाक मारावी.