सायीखालचा ओढा

अहिल्याताई नवऱ्यावर रुसून थेट उत्तर ध्रुवावर गेल्या, ही बातमी हॅनोव्हरच्या मराठी मंडळींत पसरली ती त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या विलासरावांमुळे. नवरा, हृषिकेश, सलग चार दिवस पिझ्झाचे खोके टाकताना दिसला, एवढाच काय तो पुरावा! खरं म्हणजे बाई गेल्या होत्या स्वीडनच्या उत्तर टोकाला, नकाशाच्या कामावर. भांडण झालं होतं, पण साहेबांशी.

विमानातून लेझरनं मोजलेली तिथली एक पाणथळ. ओढा वळणं घेत यायचा, एका सपाट हिरव्या पट्ट्याशी गडप व्हायचा आणि चारशे मीटरवर पुन्हा उगवायचा. लिंडेमान साहेब म्हणाले, "फेस्टर बोडन! घट्ट जमीन." आणि पट्ट्यावरून पायवाटेची तुटक रेघ ओढून मोकळे झाले. अहिल्याताईंना ते पटेना. नकाशावर विश्वास ठेवून उद्या कुणी तिथे पाऊल टाकलं तर?

"ही जमीन नाही, साय आहे. पाणी खालून जातंय," त्या म्हणाल्या. साय म्हणजे काय ते दाखवायला त्यांनी ऑफिसच्या किचनमध्ये दूध तापवलं. पण खोक्यातलं ते जर्मन दूध! तीनदा उकळलं, नखाएवढी साय धरेल तर शपथ. अख्खं ऑफिस हसलं. अहिल्याताईही हसल्या आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे चला तर मग, जागेवरच जाऊन बघू."

ऑगस्टात दोघं कमरेला दोर बांधून त्या पट्ट्याच्या काठावर उभे राहिले. जमीन घट्ट आहे हे पटवायला साहेबांनी दणदण टाचा आपटल्या. तर दहा पावलांवरचं बर्चचं रोपटं नमस्कार करावा तसं झुकलं! ताईंनी चार मीटरची काठी शेवाळात टोचली. काठी मुठीपर्यंत आत, तळाचा पत्ता नाही. बाहेर काढली तशी भोकातून काळंशार पाणी बुडबुडलं.

"झाय!" साहेब ओरडले आणि बेडकासारखे मागे उडाले. जर्मन जिभेवर 'स'चा 'झ' होतो, त्याला कोण काय करणार? पायवाट वळसा घालून गेली, ओढ्याची निळी रेघ सलग झाली, आणि आता ऑफिसात असल्या फसव्या जमिनीला सगळे झायच म्हणतात.

घरी परतल्या, तर जिन्यातच विलासराव आडवे आले. "काय वहिनी, गेला का रुसवा?"

अहिल्याताई म्हणाल्या, "विलासराव, तुमच्या बातमीतही काठी टोचून पाहिली. तिलाही तळ लागला नाही."