उजमाची कोरडी गोधडी

मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत मेहरबी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देते. लोकांच्या लेकरांची ऊब शिवणाऱ्या या बाईला स्वतःच्या घरची एक गोधडी मात्र रोज सकाळी धुवावी लागे. तिची नऊ वर्षांची उजमा अंथरूण ओलं करायची. लहानपणीच ती सवय सुटली होती. पण बाप अल्ताफ भांडून, भांडी फेकून सुरतेला निघून गेला आणि पुन्हा सुरू झालं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरीच्या मनात भीती बसली आहे. तिच्यावर रागावू नका."

बोलायला काय जातं? ओली गोधडी पिळून मनगटं भरून आलेल्या बाईने राग कुठे ठेवायचा? मेहरबीने तीळगूळ चारला, संध्याकाळनंतर पाणी बंद केलं, दर्ग्यावर मन्नत मागितली. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. इथे मुंगीही निघायचं नाव घेईना. शेवटी वैतागून तिने गोधडी परसातून काढली आणि रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घातली.

शेजारच्या गोमतीबाईंनी टोकलं, "लेकराले कायले चव्हाट्यावर आनतं वं?"

"लाज वाटली त सुधरन. नाई त तुमी धुता का मंग?"

गोमतीबाई मान हलवत आपल्या घरात गेल्या.

आणि खरंच, गोधडी कोरडी राहू लागली. मेहरबी पुन्हा हसू-बोलू लागली. मन्नत फेडायला तिने गोड भात शिजवला आणि जुम्मेरातीला दर्ग्याबाहेरच्या लिंबाखाली वाटायला बसली. उजमा शेजारीच होती. वाटता वाटता पोरीची मान आईच्या मांडीवर कलंडली, आणि थोड्या वेळाने मेहरबीच्या कपड्यांना ओल लागली.

तिने हलवलं तशी उजमा दचकून उठली. "अम्मी, घरी मी झोपतच नाई. तू झोपली का भिताडाले टेकून बसून राह्यतो. आज कशी झोप लागली, मालूम नाई."

दिवसभर सुई ओढून मेहरबी आडवी झाली की तिला कशाचीच शुद्ध नसते. पोरीच्या डोळ्यांखालचा काळेपणा तिने आत्ता पाहिला, आणि तिला स्वतःचीच चीड आली. समोर लोक ताटल्या घेऊन उभे होते. तिने डाव पातेल्यात ठेवून दिला.

"झोप," ती म्हणाली. "मी नाई उठवत तुले."

लोक बघत होते, कुजबुजत होते. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, ओल्या कपड्यांनी, ऊन उतरेपर्यंत मेहरबी तिथेच बसून राहिली.