सेलेस्तीनचा दगड आणि सालीनची जकात

ओलिंडा बेदोच्या पायाला भिंगरी होती. शंखाचं मांस कुटून दोरीवर वाळत घालायला बसली, तर अर्धं काम टाकून ती मध्येच किनाऱ्यावर जाऊन यायची. चर्चमध्येसुद्धा दाराशी बसायची, म्हणजे पाद्रीबाबांचं लांबलं तर पटकन बाहेर पडता यावं. नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "हिला घरात ठेवायची तर नांगर टाकावा लागेल."

पण त्या वर्षी तिची तगमग निराळीच होती. तिची आई, मा सेलेस्तीन, रोज स्वप्नात येत होती.

मा सेलेस्तीन वारली सालीन बेटावर आणि तिथेच पुरली. ओलिंडाचा जन्मही सालीनचा. लग्न होऊन ती कारियाकू बेटावर आली. मधलं पाणी असं किती? वारा बरा असला तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या थडग्यावर लगेच दगड ठेवत नाहीत. माती बसू द्यायची, घरच्यांनी हळूहळू जमवाजमव करायची, मग एक दिवस ढोल, मेंढ्यांचं जेवण, आणि दगड. तोवर मेलेल्याला स्वस्थता नसते. ओलिंडाची जमवाजमव फार लांबली होती. पाठोपाठ दोन वर्षं मका जळून गेला, मग नवरा गेला.

"डोक्यावर काही नाही गं," आई स्वप्नात म्हणायची. "ऊन लागतं."

शेवटी दगड झाला. विंडवर्ड गावच्या गवंड्याने चुना घालून छान गुळगुळीत केला आणि वर आईचं नाव कोरलं. ओलिंडाने तो दिराच्या शिडाच्या होडीत चढवला. दोन मेंढ्या, तांदूळ, तूर आणि रमचा बुधला सोबत घेतला. दीर म्हणजे ॲम्ब्रोज; होडी त्याचीच. गडी शांत, तोंडात कायम विझलेला पाइप.

कारियाकू एका सरकारचं आणि सालीन दुसऱ्याचं. दोन्ही सरकारं एकाच राणीची, त्यामुळे त्यात काही फरक असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. पण होड्यांमधून चोरून जिन आणि तंबाखू फार येते अशी ओरड झाली, आणि सालीनच्या सरकारने धक्क्यावर एक छप्पर उभारून तिथे जकातदार बसवला. त्याचं नाव मिस्टर फिलबर्ट. मोठ्या बेटावरचा, आपल्यासारखाच काळा, पण कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालणारा. सालीनमध्ये त्याला कुणी मासळी विकत नसे. बिचारा डब्यातलं खाऊन राहायचा.

मेंढ्या, तांदूळ, तूर आणि रम यांची जकात ओलिंडाने कुरकुर न करता मोजून दिली. मग चार गड्यांनी दगड खाली उतरवला.

"हे काय आहे?" फिलबर्टने विचारलं.

"दगड. दिसत नाही होय?"

"घडीव दगड. घडीव दगडाला जकात आहे. याची किंमत सांगा."

"कसली किंमत?"

"कितीला विकला जाईल ती. त्यावरच आकारणी होते."

"आईच्या थडग्यावर ठेवायचाय तो. मी कुणाला विकू? तुम्ही घेता?"

धक्क्यावरची माणसं खदखदून हसली. फिलबर्टचा चेहरा ताठ झाला. "बाई, कायदा मी केलेला नाही. परदेशातून येणाऱ्या मालाला—"

"परदेशातून?" ओलिंडा एकदम त्याच्या पुढ्यात गेली. "ती चिंच दिसते का? तिच्या मागच्या घरात मी जन्मले. माझी नाळ त्या अंगणात पुरलेली आहे. परदेशातून तर तुम्ही आलात, साहेब."

ॲम्ब्रोजने हळूच खिशातून शिलिंग काढले. "अगं, देऊन टाक. चार पैशांसाठी कशाला?"

तिने त्याची मूठ दाबून बंद केली. "मेंढ्यांचे दिले ना मी? पैशाचं नाही हे, ॲम्ब्रोज. याचे दिले की हा माल झाला. माझी आई माल नाही."

फिलबर्टने दगड छपराखाली ठेवून घेतला.

ओलिंडा उतरली होती मावसबहिणीकडे, युलालीकडे. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. युलालीने मेंढ्या बांधल्या, चूल पेटवली आणि म्हणाली, "अगं, माणसं यायला लागली. आता?"

माणसं खरोखरच येत होती. आसपासच्या बेटांवरून होड्या भरभरून. दगडाचं जेवण म्हटल्यावर कोण राहतं? सगळ्यांत म्हातारे गास्पारकाका आपला ढोल घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "दगड रमने भिजल्याशिवाय मी ढोलाला हात लावत नाही. दगड कुठे आहे?"

"धक्क्यावर."

"मग धक्क्यावर चला."

दुपारच्या उन्हात सगळी वरात धक्क्यावर आली. पुढे गास्पारकाका, मागे बायका मक्याच्या पिठाच्या कूकूची आणि भाताची पातेली डोक्यावर घेऊन. फिलबर्ट धावत आला. "इथे जमायची परवानगी नाही! आणि त्या बुधल्यात काय आहे?"

"रम," गास्पारकाका म्हणाले. "हिची जकात भरलेली आहे, साहेब. सालीनच्या इतिहासात पहिल्यांदाच."

हसण्याने छप्पर हललं. ओलिंडाने मात्र हसण्याकडे लक्ष दिलं नाही. तिने दगडावर आधी रम शिंपडली, मग पाणी, मग मूठभर कोरडे तांदूळ टाकले. ढोल सुरू झाला. माफीच्या गाण्याला घरच्यांनी गुडघे टेकायचे असतात, मेलेल्यांकडे आपल्या चुकांची क्षमा मागायची असते. ओलिंडा आणि युलाली धक्क्याच्या फळ्यांवर गुडघे टेकून राहिल्या. फिलबर्ट बाजूला उभा होता. त्याने टोपी कधी काढली ते त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

पण दगड काही त्याने सोडला नाही. "मी वर लिहून विचारतो," एवढंच म्हणाला.

पाहुणे जेवून गेले. ॲम्ब्रोज मका काढायला परत गेला. ओलिंडा राहिली. रोज सकाळी ती धक्क्यावर जायची.

"आलं का उत्तर?"

"नाही, बाई."

मग ती स्मशानापर्यंत चालत जायची, तिथून परत धक्क्यावर, मग युलालीच्या दारात. बसायला सांगितलं की, "बसते की," म्हणून पुन्हा निघायची. आई अजूनही स्वप्नात येत होती, पण आता बोलत नव्हती. पाठ करून उभी राहायची. ओलिंडाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आणि गावात दुसरंच सुरू झालं. धक्क्यावरच्या प्रकाराने फिलबर्टला वरून बोलणी बसली असावीत. पूर्वी तो ओळखीच्या टोपल्यांकडे काणाडोळा करायचा, आता प्रत्येक टोपली उपडी करून पाहू लागला. युलालीचं साबण आणि चिटाचं कापड आणून विकायचं छोटंसं दुकान होतं. एका खेपेत तिचा अर्धा माल जप्त झाला.

"झालं तुझं समाधान?" युलाली घरी येऊन ओरडली. "तू कारियाकूला निघून जाशील. इथे आम्हाला राहायचंय."

"मी काय केलं?"

"हट्ट केलास! तुझ्या आईला ऊन लागतं म्हणून माझी चूल विझवलीस!"

ओलिंडा उठून दाराशी गेली. युलालीचं खोटं नव्हतं हे तिला कळत होतं. पण म्हणून आपलंही खोटं आहे असं काही तिला वाटेना. त्या रात्रीपासून ती युलालीच्या ओसरीवर झोपायची, घरात नाही.

अखेर वरून उत्तर आलं. जकात भरा, वर इतके दिवस छपराखाली ठेवल्याचं भाडं भरा. नाहीतर दगड परत न्या.

"परत नेते," ओलिंडा म्हणाली.

फिलबर्ट बघतच राहिला. गावातल्यांनी माना खाली घातल्या. ॲम्ब्रोज होडी घेऊन आला होता. त्याने गड्यांकडून दगड चढवून घेतला आणि अगदी तळाशी नीट बसवला, नाहीतर होडी कलली असती. तिथे नीरम होतंच. होडी डळमळू नये म्हणून घातलेले मोठे मोठे धोंडे.

सालीन मागे पडलं. ओलिंडा तळाकडे टक लावून पाहत होती.

"ॲम्ब्रोज, या धोंड्यांची जकात किती भरतोस रे?"

"नीरमाची? वेडी की काय? नीरमाची जकात कोण भरतं?"

तिने आईच्या दगडावर हात ठेवला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तळाकडे. मग तो असा हसत सुटला की सुकाणू हातातून निसटलं आणि शीड फडफडायला लागलं.

पुढच्या आठवड्यात ॲम्ब्रोजची होडी सालीनच्या मागच्या किनाऱ्याला लागली, स्मशानाच्या खालच्या अंगाला. माल काहीच नव्हता. होडीच्या बुडाला शिंपले धरले होते, ते खरवडायचे होते. त्यासाठी होडी वाळूवर आडवी करावी लागते, आणि त्याआधी नीरम बाहेर काढावं लागतं. सगळेच तिथे तसं करतात. गडी धोंडे वाळूत रचू लागले. आईचा दगड नावाची बाजू खाली करून त्यातच पडला.

फिलबर्ट टेकडी उतरून आला. घामाने कोट पाठीला चिकटला होता. तो ढिगाभोवती फिरला आणि त्या दगडापाशी थांबला. त्याने बुटाच्या टोकाने दगड ठोकला.

"हे नीरम?"

"नीरम, साहेब," ॲम्ब्रोज म्हणाला.

"फार गुळगुळीत आहे."

"खूप वर्षं समुद्रात फिरलंय."

फिलबर्टने ओलिंडाकडे पाहिलं. ती वाळूत येरझाऱ्या घालत होती, हाताची बोटं मोडत होती. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलण्याची सोय नव्हती.

"बाई, एका जागी उभ्या राहा हो," तो वैतागून म्हणाला. "मलाच चक्कर येईल." मग ॲम्ब्रोजकडे वळून म्हणाला, "नीरम होडीबरोबर आलं तसं होडीबरोबर गेलं पाहिजे. होडी सुटेल तेव्हा मी येऊन धोंडे मोजीन. मोजणी बरोबर पाहिजे, समजलं?"

"समजलं, साहेब."

"मोजीन म्हणालो. प्रत्येक धोंडा उलटून बघायला मला वेळ नसतो."

तो आल्या वाटेने टेकडी चढून गेला.

संध्याकाळच्या आत आईच्या डोक्यावर दगड बसला. गास्पारकाकांना बोलावणं धाडलं, पण ढोल मोठ्याने वाजवू नका म्हणून सांगितलं. काकांनी नुसत्या बोटांनी वाजवला. त्या दगडाच्या जागी किनाऱ्यावरचा एक धोंडा नीरमात गेला. फिलबर्ट दुसऱ्या दिवशी आला, त्याने मोजले, मान हलवली.

आई नंतर स्वप्नात आली नाही. ओलिंडाला वाटलं होतं, आता मन थाऱ्यावर येईल. झालं उलटंच. घरी आल्यावर ती पहाटे उठून बसायची आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. इतके महिने आई रागावून का होईना, येत होती. आता ती खरीच गेली होती. एकदा होडीत तिने ॲम्ब्रोजला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुला रडायचं असेल तर रड. मी पुढे शीड बघतो." ती सालीनपर्यंत रडली.

आता ती त्याच्या प्रत्येक खेपेला होडीत असायची. वाळवलेलं शंखाचं मांस सालीनला न्यायची, धक्क्यावर जकात मोजून द्यायची आणि फिलबर्टला दोन तळलेले मासे द्यायची. तो फुकट घ्यायचा नाही, पैसे द्यायचा. दुसऱ्या बेटांवरचे लोक तिला टँटी, म्हणजे मावशी म्हणत आणि येऊन विचारायचे, "टँटी, आमच्या म्हाताऱ्याचा दगड न्यायचाय, कसं करायचं?" ती नुसतं तोंडी सांगायची नाही, स्वतः त्यांच्या होडीत जाऊन बसायची. त्या सुमारास आपल्याकडच्या होड्यांची बुडं फार वरचेवर खरवडली जात.

युलालीने मात्र तिला माफ केलं नाही. जप्त झालेला माल भरून द्यायला ओलिंडा तयार होती. युलालीने घेतला नाही. समोरासमोर आल्या तर युलाली रस्ता ओलांडायची. दर नाताळला ओलिंडा ताटभर धुरावलेली मासळी तिच्याकडे पाठवायची. युलाली मासळी ठेवून घ्यायची आणि ताट परत करायची नाही. ओलिंडा दरवर्षी नवं ताट विकत घ्यायची.