विश्रांतीवर बोललो तो रविवार

मी चर्चचा पाळक होतो. ‘होतो’ असं लिहायला अजून हात धजत नाही, पण खरं तेच आहे. धाराशिवात आमची मंडळी लहान, साठ-पासष्ट माणसांची. त्याशिवाय येरमाळ्याला चार घरं आणि ईटला तीन, तीही माझ्याकडंच. सव्वीस वर्षं मी हे काम केलं आणि शेवटचे दोन महिने सोडले तर सगळी वर्षं माझी बायको माझ्याबरोबर होती. चर्चच्या मागंच दोन खोल्यांचं घर आम्हाला दिलेलं होतं. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघंच.

शेवटच्या वर्षी मी ठरवलं, लागोपाठ सात रविवार सृष्टीच्या निर्मितीवर बोलायचं. मंडळीतली माणसं दमलेली असायची. कुणी ट्रक चालवायचं, कुणी दवाखान्यात सफाईला होतं, बायका दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. त्यांना मला सांगायचं होतं की माणूस नुसता राबण्यासाठी घडवलेला नाही. देवानं माती हातात घेतली, आपल्यासारखा माणूस घडवला, त्याच्या हवाली एक बाग केली, त्याला एकटं राहू दिलं नाही आणि सातव्या दिवशी स्वतः हात थांबवले. देव थांबतो, मग आपणच का थांबत नाही, असं मला विचारायचं होतं. तयारी मी मन लावून केली. ही शिकवण मला खरी वाटत होती. आजही ती खोटी वाटत नाही आणि माझी अडचण तीच आहे.

सहाव्या रविवारी मी नवरा-बायकोच्या नात्यावर बोललो. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्याची बायको मागच्याच वर्षी गेली होती. माझं बोलणं कुणाच्या काळजाला भिडलं की मला बरं वाटायचं, तसं त्या दिवशीही वाटलं. माझी बायको तेव्हा मागं चहा टाकत होती. घराची खिडकी चर्चच्या भिंतीला लागूनच, त्यामुळं तिला आतलं सगळं ऐकू जायचं.

सातवा रविवार विश्रांतीचा. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही. आलं की तासाभरात मिळेल तेवढं भरून घ्यायचं. पाण्याला दाब नसतो, मोटार लावल्याशिवाय टाकीत थेंब चढत नाही. मी नेमका बोलायला उभा राहिलो आणि मागून मोटारीचा घरघराट सुरू झाला. दोन-तीन वाक्यं मी तशीच रेटली. मग थांबलो, हसलो आणि समोर बसलेल्या मंडळीच्या पंचांपैकी एकाला म्हणालो, “जरा आत सांगता का, तेवढी मोटार बंद करा म्हणून?” ते उठून गेले. आवाज बंद झाला. लोक हसले, मीही हसलो आणि पुढं विश्रांतीवर बोलत राहिलो.

उपासना संपली तेव्हा नळ गेला होता. टाकीत वीतभर पाणी आणि एक ड्रम अर्धा.

रविवारी खेड्यांवरून आलेली माणसं आमच्याकडंच जेवायची. त्या दिवशी अकरा जण होते. तिनं भाकऱ्या थापल्या, आमटी वाढली, त्यांना वाटेला लावलं आणि भांडी थोड्या पाण्यात कशीबशी धुतली. मला दुपारची प्रार्थना घ्यायला येरमाळ्याला जायचं होतं. मी पायरीवर बसून बूट घालत होतो. ती पदराला हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली.

“अहो, एक विचारू?”

“विचार की. पण लवकर, मला तीनला पोचायचंय.”

“मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, देवानं बाईला पुरुषाची सहाय्यक म्हणून घडवलं.”

“नुसतं तेवढंच नाही म्हणालो. बरोबरीची, जोडीची, असंही म्हणालो.”

“व्हय, म्हणालात. मग मी तुमची सहाय्यक. तुम्ही माझे कोण?”

मला हसू आलं. “तुझा नवरा,” म्हणालो आणि गाडीला किक मारली.

तेव्हा तिचा चेहरा कसा होता ते मी कित्येकदा आठवून बघितलं. आठवत नाही. मी तिच्याकडं बघितलंच नव्हतं.

येरमाळ्याला हायवेलगतच्या एका पत्र्याच्या खोलीत बारा माणसं जमली होती. त्यांच्यापुढं तेच सगळं मी पुन्हा बोललो. बाहेरून गाड्या जात होत्या तरी बोलणं चांगलं रंगलं. संध्याकाळी सातला घरी आलो. तिनं स्वयंपाक करून ठेवला होता. ताट वाढताना म्हणाली, “उद्या मी ताईकडं जाते, तामलवाडीला.”

“किती दिवस?”

“बघू.”

तिची थोरली बहीण विधवा. तामलवाडीला दीड एकर रान, चार शेळ्या आणि एकटा जीव. बायको वर्षा-दोन वर्षांतून एखादा दिवस जाऊन यायची, म्हणून मला काही विशेष वाटलं नाही.

आठवडा गेला. फोनवर म्हणाली, “अजून जरा राहते.” दुसराही गेला. मंडळीला मी सांगितलं की मेहुणी आजारी आहे. उपासनेआधी सतरंज्या कोण घालणार, चहा कोण करणार, प्रभुभोजनाचे पेले कोण घासणार, यावर लोकांनी मला बरंच विचारलं. बाई कशा आहेत, हे दोघींनीच विचारलं. पण लोकांना दोष देऊन मी सुटत नाही. त्या पंधरा दिवसांत मला तिची आठवण यायच्या आधी तिचा राग आला होता. एवढा पसारा टाकून गेली म्हणून राग.

तिसऱ्या सोमवारी मी तामलवाडीला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. दारापुढं लिंबाच्या सावलीत बाजेवर ती झोपली होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी हाक मारणार तेवढ्यात मेहुणी घरातून आली.

“उठवू नका,” ती हळूच म्हणाली. “आल्यापासनं नुसती झोपतीय. जेवती आन् झोपती. पहिल्यांदा मला वाटलं आजारी हाय.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं की. त्यो म्हणला, आजार काय न्हाय, लई थकल्यात.” मग माझ्याकडं बघत म्हणाली, “काय करत होता हो तुम्ही त्या बाईला?”

ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिला कधी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, तिला कमी लेखावं असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. मी दगडावर बसून राहिलो. मुलगी झाली तेव्हाचे दिवस सोडले तर तिला दिवसाउजेडी झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

दीडेक तासानं ती उठली. मला बघून दचकली आणि पहिल्यांदा पदर सारखा केला. मेहुणी शेळ्या घेऊन रानात निघून गेली.

“घरी चल,” मी म्हणालो.

“नको.”

“माझं चुकलं. त्या दिवशी मी मोटार बंद करायला लावली, ते—”

“मोटारीचं काय नाही हो.” “मोटार बंद झाली आणि मला वाटलं, बरं झालं, आता हा पाईप खाली ठेवता येईल. ठेवला. मग परत उचलावासाच वाटेना. भाकरीचं पीठ मळलं, तेही कसंतरी. आता काहीच हातात घ्यावंसं वाटत नाही. ताई भांडी घासती आणि मी बसून बघते. लाज वाटते, पण उठत नाही.”

अशा वेळी पाळक जे विचारतो तेच मी विचारलं. “प्रार्थना करतेस का?”

“नाही.”

“का?”

“बसते की डोळे मिटून. पण तुमचाच आवाज येतो. देवाशी बोलायला गेले की तुम्हीच उत्तर देता.” तिचा आवाज चढला नव्हता की डोळ्यांत पाणी नव्हतं. “लई वर्षं झाली असं होऊन. पाळकाच्या बायकोनं हे सांगायचं कुणाला?”

माझ्याकडं दुःखी माणसांसाठी वचनं होती, दृष्टांत होते, दवाखान्यात खाटेपाशी बसून करायच्या प्रार्थना होत्या. त्यातलं काहीही बोललो असतो तर तोच आवाज झाला असता. थोड्या वेळानं ती म्हणाली, “ऊन व्हायच्या आत निघा.” ऊन केव्हाच झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ईटला आमच्यातल्या एका घरी लग्न होतं. लग्न मलाच लावायचं होतं. शेजारी एक म्हातारी खव्याची भट्टी चालवते. तिचं घर हिंदू शेतकऱ्याचं, पण आमच्या प्रत्येक कार्याला तिच्याकडूनच खवा येतो. मला एकट्याला बघून ती कढईतलं उलथनं न थांबवता म्हणाली, “बाई न्हाय आल्या व्हय?”

“नाही. बहिणीकडं आहेत.”

“दर खेपेला इथं माझ्याजवळ बसायच्या. तुमची प्रार्थना चालू आसंस्तवर. म्हणायच्या, मावशी, इथं मला कुणी काय विचारत न्हाय, लई बरं वाटतं.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की ईटला गेलो की ती बायकांच्या भेटी घेत फिरते. मंडळीच्या अहवालात मी तसं लिहायचोही.

मांडवात मी उभा राहिलो. समोर नवरानवरी. हे दोघं आता एक आहेत, एकमेकांसाठी घडवलेले आहेत, हे मी आजवर कितीतरी वेळा सांगितलं असेल. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. मी वचनं देववली, आशीर्वाद दिला आणि खाली बसलो. नवऱ्याच्या बापाला वाटलं माझं बीपी वाढलं. त्यानं लिंबूपाणी आणून दिलं. मी ते पिऊन टाकलं आणि त्याला तसंच वाटू दिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी उपदेश केला नाही. मंडळीला खरं काय ते सांगितलं. मेहुणी आजारी नव्हती, बायको घर सोडून गेली आहे, ती माझ्यामुळं गेली आहे, आणि मी तुम्हाला जे शिकवलं ते माझ्या घरात कधी नव्हतं. एक बाई उठून बाहेर गेली.

पंचांची बैठक झाली. माणसं वाईट नव्हती. मोटार बंद करायला मी ज्यांना पाठवलं होतं तेच म्हणाले, “साहेब, बाईंना घेऊन या. सगळं विसरून जाऊ.”

“ती येणार नाही. मी आणणारही नाही.”

“मग लोकांनी तुमच्याकडून काय शिकायचं?”

त्यांचं बरोबर होतं. मी राजीनामा लिहून दिला. महिन्याभरात नवे पाळक आले, तरुण, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. किल्ल्या द्यायला गेलो तर त्यांची बायको पदर खोचून आल्या-गेल्याचे कप विसळत होती. मी म्हणालो, “पोरी, राहू दे ते.” ती लाजून हसली. “असू द्या हो काका, हे तर करावंच लागतं.” तिचा नवरा पलीकडं पंचांशी बोलत होता. त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं. पण मी कोण सांगणार? किल्ल्या टेबलावर ठेवून निघालो.

आता एका खोलीत भाड्यानं राहतो. एका शाळेच्या वसतिगृहात हजेरी आणि धान्याची नोंद ठेवायचं काम मिळालं आहे. मुलगी फोन करते. आधी माझ्याशी बोलते, मग आईशी. एकीकडचं दुसरीकडं सांगत नाही.

सुरुवातीला मी दर सोमवारी तामलवाडीला जायचो. ती सावरली आहे. अंगानं भरली आहे, शेळ्यांच्या मागं रानात जाते. एकदा रस्त्यावरूनच मला दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं. असं मोठ्यानं ती हसते हे मला माहीत नव्हतं. गाडी दारात थांबली आणि हसणं थांबलं.

त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं. सवयीनं मी डोळे मिटून जेवणासाठी प्रार्थना केली. डोळे उघडले तर ती हात मांडीवर ठेवून बसली होती, पाहुण्याचं आटपेपर्यंत थांबावं तशी. मग म्हणाली, “दर सोमवारी येत जाऊ नका. लई दगदग होते तुम्हाला.”

“मला कसली दगदग?”

“मग मला होते,” ती म्हणाली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो. मागच्या खेपेला ती तुरीच्या शेंगा तोडत होती. बांधावरून मी हात केला. तिनंही केला आणि पुन्हा वाकली. मेहुणीनं चहा दिला. तासभर वाट बघितली. मग मेहुणी म्हणाली, “ती काय एवढ्यात येत न्हाय,” आणि मी निघालो.