देठावरची लव

वेलिच्कोला गावात सगळे 'प्रोफेसर' म्हणत, आणि म्हणताना हसत. शाळा त्याने सातवीतच सोडलेली. पुढे तीस वर्षं तो वनौषधी खरेदी केंद्राच्या काट्यावर बसला. डोंगरातून बायका पाल्याची पोती घेऊन यायच्या, हा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि तळाचा पाला ओला लागला की त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. माणूस तोंडाचा फाटका होता, पण पाल्यातलं त्याला कळत होतं.

त्या पोत्यांत सगळ्यात जास्त असायचं शापिचे. शापिचे म्हणजे दिसायला काहीच नाही. गवताच्या पायाशी वाढणारं वीतभर रोप. पान लहान मुलाच्या चुणीदार टोपीसारखं, आणि हिरवट पिवळी फुलं इतकी बारीक की फुललंय हे दुसऱ्याला सांगावं लागतं. मूल राहत नसलं की इथल्या बायका त्याचा काढा पितात. वेलिच्कोच्या बायकोनेही, मिंकाने, सहा वर्षं प्यायला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

काट्यावर बसून बसून वेलिच्कोच्या एक गोष्ट ध्यानात आली. सगळं शापिचे एक नव्हतं. एका पोत्यातल्या पानांच्या देठावर बारीक लव उभी असायची, दुसऱ्यात ती देठाला चिकटून झोपलेली. कुठे पानाच्या टोपीला मागे फट, कुठे दोन्ही कडा एकमेकींवर चढलेल्या. एकदा राजधानीहून, सोफियाहून आलेल्या एका संशोधकाला त्याने हे भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला दिसतंय? आमच्या विद्यार्थ्यांना दिसत नाही." जाताना त्याने आपलं भिंग वेलिच्कोला देऊन टाकलं, आणि तिथून हा माणूस संसारातून गेला.

शापिचेच्या तीस-पस्तीस जाती आहेत आणि त्या केसांवरून ओळखायच्या, हे त्याने जुन्या पुस्तकांतून अक्षर अक्षर लावून शिकून घेतलं. दोन नियम तर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. वसंतातली पहिली पानं धरायची नाहीत, ती बहुतेक वेळा गुळगुळीत निघतात. आणि कापलेल्या कुरणातलं रोप घ्यायचं नाही, कारण कापल्यावर नव्याने फुटलेली पानंही तशीच फसवतात. हे रोप नराशिवाय बी धरतं आणि लेक हुबेहूब आईसारखी निघते, हे त्याने पहिल्यांदा वाचलं तेव्हा धावत स्वयंपाकघरात जाऊन मिंकाला सांगितलं होतं. ती बीन्स निवडत होती. म्हणाली, "काढा पाजण्यापेक्षा ती युक्ती शिकवायची होतीस मला." आणि हसली. तोही हसला, पण बाहेर जाऊन ओट्यावर बसून राहिला.

रोपं दाबायला वर्तमानपत्रांवर वजन लागायचं. त्यासाठी तो कोबीच्या पिंपातला दगड पळवायचा. कोबी खारवायचे दिवस आले की दोघांची त्या दगडावरून दरवर्षी जुंपायची. "हिवाळ्यात तुझं गवत खायला घालणार आहेस का मला?" ती ओरडायची, आणि शेवटी दगड पिंपात जायचा.

जुन्या गिरणीमागे ओढ्यालगत एक बेवारस कुरण होतं. जून महिन्यात वेलिच्को तीन आठवडे वर कड्यावर, वनखात्याच्या झोपडीत राहायला जायचा. जूनअखेरीला एन्योवदेनच्या सणाच्या पहाटे पाल्याला सगळ्यात गुण असतो असं इथे मानतात, आणि त्याच सुमारास शापिचेची लवही नीट वाचता येते. त्यामुळे घराजवळचं हे कुरण ऑगस्टसाठी राहायचं. तिथे एका ऑगस्टमध्ये त्याला एक रोप मिळालं. पान, फूल, सगळं गावठी शापिचेसारखं, पण देठ साफ गुळगुळीत. भिंगाखाली एक केस नाही. पुढच्या वर्षीही तसंच. दाबलेलं रोप त्याने कागदावर चिकटवलं आणि खालच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'हलकी जमीन, गवत आखूड.' असे बारा वर्षांचे बारा कागद झाले. कुठल्याच पुस्तकात हे रोप बसेना.

शेवटी सोफियाच्या त्सेनोवाबाईंनी, त्या भिंगवाल्याच्या विद्यार्थिनीने, कागद पाहून पत्र पाठवलं. नवी जात असू शकते. पुढच्या ऑगस्टला मी स्वतः जिवंत रोपं बघायला येते, मगच छापायचं. नाव काय द्यावं ते मात्र तुम्हीच सुचवा.

त्याने मिंकाचं नाव सुचवलं. तिला सांगितलं तेव्हा ती चिडल्यासारखं करून म्हणाली, "लोकांची नावं दगडावर कोरतात. माझं तेवढं गवताला!" पण शेजारच्या स्तोयनाआजीकडे तिने ही बातमी तीनदा सांगितली.

ते सप्टेंबरमध्ये. नोव्हेंबरात मिंका गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं.

त्या हिवाळ्यात दगडावरून कोणी भांडलं नाही. पिंप रिकामं राहिलं, दगड वर्षभर वर्तमानपत्रांवर होता. मिंकाची शेळी वेलिच्कोने स्तोयनाआजीला देऊन टाकली. सूप करायला गेला की हाताला दोघांपुरतं पाणी ओतायची सवय, मग दुसऱ्या दिवशी तेच गरम करून खायचं. बोलायला कोणी नव्हतं आणि खरं तर त्याला कोणी नकोही होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. ते नाव छापून यावं. निदान कुठल्या तरी पुस्तकात मिंका दरवर्षी फुटत राहील, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणायचा. जूनमध्ये तो कड्यावर गेला आणि एन्योवदेन झाल्यावर परतला, नेहमीसारखाच.

त्सेनोवाबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो गिरणीमागे गेला. गवत छातीएवढं माजलं होतं. ते बाजूला सारत तो गुडघ्यांवर बसला, पहिलं शापिचे धरलं आणि भिंग लावलं. देठावर लव होती, दाट आणि उभी. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. जिथून बारा वर्षं रोपं उचलली होती ती जागा त्याने वाफ्यासारखी चाळून काढली. सगळीकडे लव. सगळं साधं, गावठी शापिचे.

"अरे ए प्रोफेसर!" वरच्या पायवाटेवरून स्तोयनाआजी ओरडली. मिंकाची शेळी तिच्यासोबत होती. "बाहेर निघ आधी तिथून! साप चावला तर मी काय खांद्यावर टाकून नेऊ तुला?"

"शापिचे बघतोय, आजी."

"बघ की, पण काठी आपटत जा. यंदा कापलंय कोणी? मिंका होती तेव्हा बरं होतं."

"मिंकाचं काय?"

"काय म्हणजे? तीच कापायची ना हे कुरण. तू वर कड्यावर गेलास की लांब दांड्याचा विळा घेऊन यायची. दोन दिवसांत साफ."

वेलिच्को गवतातच उभा राहिला. "मला कधी बोलली नाही."

"बोलेल कशाला? परसातलं तुझं कसलंसं रोपटं कापलं म्हणून आठ दिवस अबोला धरला होतास. विसरलास वाटतं." स्तोयनाआजीने शेळीला हिसका दिला. "म्हणायची, हा ऑगस्टमध्ये तिथे नाक जमिनीला लावून रांगत फिरतो. समोर साप आला तर पळायचं सोडून त्याची खवलं मोजत बसेल. म्हणून कापून ठेवते. शेळीलाही गवत व्हायचं. तुला काय वाटलं, शेळी हवा खाऊन जगत होती?"

शेळीचं गवत कुठून येतं हे त्याने बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. देठावरचा केस न केस ओळखणारा हा माणूस! गवत आखूड का, याला त्याने हलक्या जमिनीचं कारण दिलं होतं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नव्हतं. नवी जात वगैरे काही नव्हतं. जूनमध्ये कापलेलं साधं शापिचे ऑगस्टमध्ये गुळगुळीत पानं घेऊन फुटत होतं. घरी जाईपर्यंत त्याने स्वतःला कसंबसं आवरलं, आणि दार लावल्यावर लहान पोरासारखा रडला.

सकाळच्या बसने त्सेनोवाबाई आल्या तेव्हा त्याने एक वाक्य तयार ठेवलं होतं. ओढा आटला, रोपं जळाली, पण कागद आहेत. एवढं म्हटलं असतं तर त्या बहुधा परत गेल्या असत्या आणि पुढेमागे नावही छापून आलं असतं. त्याने त्यांच्यासमोर दही ठेवलं, पाव ठेवला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "बाई, ते कुरण कापलेलं होतं. बाराही वर्षं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, छापल्यावर कळलं असतं तर माझं नाक कापलं गेलं असतं. आधी सांगितलंत, उपकार झाले." आणि जरा चाचरत त्यांनी विचारलं, "कागद मी संग्रहालयात ठेवू का? एकाच कापलेल्या जागेचे सलग बारा वर्षांचे नमुने आमच्याकडे नाहीत."

"चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. दुरुस्त करून देतो," तो म्हणाला.

प्रत्येक चिठ्ठीवरचं 'हलकी जमीन, गवत आखूड' त्याने खोडलं. वर लिहिलं, 'साधं शापिचे.' आणि खाली, आपल्या काट्यावरच्या गोल अक्षरात, बारा वेळा: 'कुरण जूनमध्ये मिंकाने कापलेलं.'

पुढच्या जूनला तो कड्यावर गेला नाही. एन्योवदेनच्या आठ दिवस आधी त्याने मिंकाचा विळा पाजळला. दांडा तिच्या उंचीचा होता, त्याला वाकून चालवावा लागला. तिने दोन दिवसांत केलेलं काम त्याला पाच दिवस लागले. गवत त्याने स्तोयनाआजीच्या गोठ्यात नेऊन टाकलं.

ऑगस्टमध्ये तो तिथे गुडघ्यांवर बसला. गवत वीतभर होतं, साप कुठे दिसला नाही. भिंग त्याने खिशातच राहू दिलं आणि एक देठ चिमटीत धरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. देठ अगदी गुळगुळीत होता.