व्लादानची लंगडी

गुरुवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. बालवाडीच्या मोठ्या खोलीत गुडघ्यांवर बसून नेवेंका फरशीवर खडूने रेघ ओढत होती. बाजूच्या पिशवीत दोरी, टेनिसचा चेंडू आणि घेवड्याचे दाणे भरून शिवलेली छोटी उशी.

सर्बियात, क्न्याझेवात्स शहराजवळच्या तीन गावांतल्या लहान मुलांचं पळणं, उड्या, तोल, चेंडू झेलणं ती तपासते. वय चोपन्न. शाळेत असताना ती जिल्ह्यात लांब उडीत पहिली यायची. मग गुडघा गेला आणि निश शहरात जाऊन ती फिजिओथेरपी शिकली. त्या गुडघ्यामुळे जमिनीवरून उठताना ती अजूनही एक हात टेकते. मुलांना ती ‘उडी मार’ म्हणत नाही. रेघेपलीकडे उशी टाकते आणि म्हणते, “बेडूक पळाला, धर.”

आज समोर साडेचार वर्षांचा व्लादान होता. आईबाप व्हिएन्नात कामाला, पोर आजीकडे. दोन आठवड्यांपूर्वी त्याला एका पायावर उभं राहता आलं नव्हतं, लंगडीत तो दुसऱ्याच उडीला पडला होता. आजही तेच झालं तर गावच्या बालवाडीतला मोठा गट त्याला बंद. त्याला शहरातल्या विशेष वर्गात जावं लागणार होतं. तिथं बसने तासभर. आजी स्तामेनाकडे चार शेळ्या, आणि पोराला रोज नेणारं दुसरं कोणी नाही.

“एका पायावर उभा राहा बघू. बगळा कसा राहतो?”

व्लादानने पाय उचलला आणि लगेच टेकवला. पुन्हा उचलला. या वेळी नेवेंका त्याच्या टेकलेल्या पायाकडे बघत होती. सपाता आजीने विणलेल्या, जाड लोकरीच्या, दोन मापं मोठ्या, कारण पोर वाढतंय. टाच उचलली की सपात तिथंच राही. तिला धरून ठेवायला बोटं आत आकसत, आणि तोल जाई.

इकडे घरात कोणी सपातांशिवाय फिरत नाही. पाहुण्याला कॉफीच्या आधी सपाता मिळतात. तपासणी अनवाणी घ्यावी असं सूचनांमध्ये छापलेलं आहे. नेवेंकाने सव्वीस वर्षांत ते कितीदा तरी वाचलं आणि प्रत्येक वेळी मुलांच्या पायांत सपाता राहू दिल्या. बाकीच्यांच्या दुकानातल्या, रबरी तळाच्या, मापाच्या असत. म्हणून निभावलं.

“सपाता काढ रे,” ती म्हणाली.

भिंतीजवळच्या बाकावरून स्तामेना ताडकन उठली. “आता ऑक्टोबर आहे.”

“पाचच मिनिटं, काकू.”

“गारवा लघवीच्या पिशवीत शिरायला दोन पुरतात. तू शिकलेली बाई, पण तुलाही आई होती ना? तिने उभं केलं होतं तुला गार फरशीवर?”

“नाही केलं.”

“मग?”

“मग खाली घोंगडी टाका,” बालवाडीची ताई म्हणाली.

“घोंगडीवर मीसुद्धा पडेन,” नेवेंका म्हणाली. “खाली कडक जमीन हवी.”

“कडकही हवी आणि उघडा पायही हवा. एवढं कर, त्याला नदीतच उभा कर,” स्तामेना म्हणाली आणि नातवाची टोपी शोधू लागली.

स्वयंपाकघराच्या दारातून बालवाडीची स्वयंपाकीण ल्यूपका हिने डोकं बाहेर काढलं. हात कोपरापर्यंत लाल. “माझ्याकडे या. खाली लाकडी फळ्या आहेत, आणि ढोबळ्या मिरच्या भाजायला सहापासून चूल पेटलीय. इथं गारवा हवा असेल तर स्तामेना, घरून आणावा लागेल.”

स्तामेना आत गेली. वाकून तिने तळहात फळ्यांवर ठेवला, एकीकडे, मग दाराजवळ. “दार लावा,” ती म्हणाली. ही परवानगी होती.

ल्यूपकाने चुलीसमोर दोन खुर्च्या आडव्या लावल्या. नेवेंकाने फळीवर नवी रेघ ओढली आणि पलीकडे उशी टाकली. व्लादानचे पाय पांढरे, बोटांवर लोकरीचे वळ. त्याने ती बोटं पसरली आणि आधी नुसताच उभा राहिला.

“बगळा.”

त्याने पाय उचलला. नेवेंकाच्या हातातल्या घड्याळाचा काटा सरकत होता. हवे होते पाच सेकंद; आठव्यालाही तो उभाच होता आणि ल्यूपकाला जीभ दाखवत होता.

“आता लंगडी. बेडकापर्यंत.”

स्तामेना हात छातीशी धरून मोठ्याने मोजू लागली. तीन उड्या पुरे होत्या. चौथीला त्याने बेडूक गाठला, पाचवीला ओलांडला आणि पिठाच्या पोत्याला धडकून थांबला.

“पडला नाही,” स्तामेना म्हणाली.

“नाही पडला.”

“मी विणलेल्यात पडत होता?”

“माप मोठं होतं, काकू.”

“माप मोठं होतं,” स्तामेनाने ल्यूपकाला ऐकवलं, जणू ल्यूपका बहिरी होती. मग तिने नातवाचं डोकं दोन्ही हातांत धरून तीनदा मुका घेतला, आणि एक भाजलेली मिरची न विचारता उचलून खाल्ली.

झेलण्यात व्लादान अजून कच्चा निघाला. टेनिसचा चेंडू पाचपैकी दोनदाच हाती आला. ते नेवेंकाने तसंच लिहिलं: रोज दहा मिनिटं सराव, वसंतात पुन्हा तपासणी. त्याच्या वर लिहिलं: वयाला साजेशी हालचाल, विशेष वर्गाची गरज नाही. ताईने सही केली.

उद्या शुक्रवार. मोठ्या गटाची न्याहारी सकाळी साडेआठला असते, आणि खिडकीकडच्या टेबलावर चौथी खुर्ची व्लादानची आहे.